मूळ गावाचा शोध : कर्जत-खालापूरची दप्तरे, देवस्थाने आणि वाड्या

उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी असून बोरघाट, कुसूर यांसारख्या घाटवाटांनी ते शतकानुशतके मावळाशी जोडलेले आहेत. १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज घाट उतरून उंबरखिंडीत अडली ती याच मुलखात. आणि फौजा नसत तेव्हा याच वाटांनी मीठ, तांदूळ, गुरे, वऱ्हाडे आणि पोट भरायला निघालेली माणसे वर-खाली करीत असत. अशा वाटेवरच्या प्रदेशात एखाद्या घराण्याचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा राहत नाही. शोध पूर्वजाचा असला तरी हाती लागते ती त्याची कोणीतरी, काही कारणाने, कोठेतरी करून ठेवलेली नोंद. आणि नोंद करणारा कोण होता, त्याला त्या माणसाकडून काय हवे होते आणि त्याचे दप्तर पुढे कोठे गेले, हे कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

यातली पहिली अडचण प्रशासकीय हद्दींची आहे. आजचा कर्जत तालुका एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नसरापूर या नावाने ओळखला जाई. कर्जतजवळचे नसरापूर हे गाव आजही आहे, तालुक्याचे नाव मात्र बदलले. हा तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा त्याचाच एक पेटा, म्हणजे दुय्यम महसुली विभाग होता. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हाही कर्जत ठाण्याकडेच राहिला, पनवेल १८८३ मध्ये कुलाब्याला जोडले गेले आणि कर्जत, खालापूर पेट्यासह, १८९१ मध्ये. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचा रायगड झाला. परिणामी एकाच वाड्यात, एकाच चुलीपाशी राहिलेल्या चार पिढ्या कागदावर नसरापूर-ठाणे, कर्जत-ठाणे, कर्जत-कुलाबा आणि कर्जत-रायगड अशा चार ठिकाणच्या दिसतात. १८९१ पूर्वीचा कागद अलिबागच्या जिल्हा कचेरीत सापडला नाही म्हणून तो अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष घाईने काढला जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कर्जतचे वर्णन येते ते याच कारणाने.

परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत या हद्दबदलाचे महत्त्व आणखी वाढते. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर नेलेले गिरमिटिये जाऊ लागले आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी भाषकांची संख्या मोठी होती. त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात जपलेल्या असून त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात आणि गाव यांची माहिती येते. मात्र ती इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहे. अशा नोंदीत जिल्हा ठाणे म्हणून लिहिला असेल, तर वंशजाने आजच्या ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवून भागत नाही. कर्जत, खालापूर, पनवेल हे तालुकेही धुंडाळावे लागतात.

हद्दींचा गुंता सुटला की महसुली कागदांकडे वळता येते, आणि जमीन धारण करणाऱ्या कुटुंबांसाठी हा सर्वांत समृद्ध साठा आहे. १८५० च्या दशकात या भागात ब्रिटिश सरकारची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि प्रत्येक नंबराचे क्षेत्र व सारा दाखवणारा आकारबंद तयार झाला. तरीही आकारबंद जमिनीबद्दल जितके सांगतो तितके माणसाबद्दल सांगत नाही. माणूस स्पष्ट दिसू लागतो तो विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यानंतर. या हक्कनोंदणीतून पुढे रूढ झालेला सातबारा हा मुळात दोन गाव नमुन्यांचा जोड आहे : नमुना सात म्हणजे जमिनीवरील अधिकारांचा अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. घराण्याचा शोध घेणाऱ्याला मात्र सातबाऱ्यापेक्षा त्यावरच्या वर्तुळांतले लहान आकडे अधिक उपयोगी पडतात, कारण ते फेरफारांचे क्रमांक असतात. फेरफार म्हणजे नमुना सहा, जमिनीच्या मालकीत झालेल्या प्रत्येक बदलाची कारणासह केलेली नोंद. आणि सहा-क ही त्याला पूरक असलेली वारसांची नोंदवही. खातेदार मयत झाल्यावर तलाठी त्यात मृत्यूची तारीख, वारसांची नावे, वये आणि मयताशी असलेले नाते लिहितो. एखाद्या शेताच्या फेरफारांची साखळी उलट्या क्रमाने वाचत गेले, तर नातू, मुलगा, आजा असे तीन-चार पायऱ्यांनी १९१० च्या आसपास पोहोचता येते. आणि वारसांत आलेल्या विवाहित मुलींच्या नावापुढे त्यांच्या सासरचे गाव लिहिलेले असेल, तर घराण्याची सोयरीक कोणत्या गावांशी होती हेही उमगते. घराण्याचा इतिहास बहुधा बापाकडून मुलाकडे असाच लिहिला जातो, तेव्हा लेकीबाळींचा ठाव या एकाच रकान्यात टिकून राहिलेला असतो, म्हणून तो वगळून पुढे जाऊ नये.

जुन्या नोंदींची भाषा ओळखावी लागते. त्यांत आडनाव पुष्कळदा नसतेच. 'रामा बिन गोमा' असा उल्लेख असतो आणि 'बिन' किंवा 'वलद' याचा अर्थ अमक्याचा मुलगा, तर 'कोम' याचा अर्थ अमक्याची पत्नी. गाव नमुना चौदा, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंचे पुस्तक, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यातही हीच पद्धत दिसते. हे पुस्तक भूमिहीनांनाही सामावून घेते, म्हणून त्याचे मोल सातबाऱ्याहून निराळे आहे : ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्याचेही मूल जन्मले तर तारीख, बापाचे नाव आणि जात एवढे तरी टिपले जाई. यातील जुनी पुस्तके मोडी लिपीत आहेत. मोडी ही हात न उचलता वेगाने लिहिण्यासाठी वापरली जाणारी मराठीची लिपी असून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी व खाजगी दप्तरांत ती रुळलेली होती. शाळांतून ती गेल्यानंतर दोन पिढ्यांनी स्वतःच्या आजोबांची अक्षरे वाचण्याची क्षमता गमावली. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यानंतर मोडी वाचकांची गरज राज्यभर एकाएकी जाणवली, ती या विस्मरणामुळेच.

कुळांसाठी, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांसाठी, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन या दोन खुणा निर्णायक आहेत. त्या दिवसापासून कसणारा कायद्याने मालक मानला गेला, आणि कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरवण्यासाठी ज्या चौकश्या झाल्या, त्यांत जमीनमालक आणि कूळ या दोघांचे जबाब लिहून घेतले गेले. कुटुंब ही जमीन कधीपासून कसते, आधी बाप कसत होता की चुलता, हे कुळाच्या तोंडचे शब्द शिरस्तेदाराच्या लेखणीतून तिथे उतरले आहेत. गरीब शेतकऱ्याने आपल्या पूर्वजांविषयी सांगितलेले आणि सरकारने लिहून ठेवलेले इतके थेट कथन क्वचितच अन्यत्र आढळते. जमीन नावावर झाल्यावर हे कागद कोणी पाहत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ब्रिटिशपूर्व काळात शिरायचे, तर वतने आणि इनामे यांचा आधार घ्यावा लागतो. वतन म्हणजे पाटीलकी, कुळकर्ण यांसारख्या वंशपरंपरागत कामाचा आणि त्याच्या मोबदल्याचा हक्क; त्यावर तंटा उठला की वादी आपल्या घराण्याची हकिकत, म्हणजे करीना, सादर करी आणि गोतसभेचा, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांच्या सभेचा, निर्णय साक्षीदारांच्या नावांसह महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, लिहिला जाई. या साक्षीदारांत गावचे बलुतेदारही असत, त्यामुळे पाटलाच्या भांडणात सुतार, लोहार, महार यांची नावे आपसूक जतन झाली. इनामांसाठी देवस्थानांकडे पाहावे लागते. खालापूर तालुक्यातील महड येथे १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी वरदविनायकाचे मंदिर बांधले. अष्टविनायकांपैकी एक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे, पण अशा देवस्थानांभोवती पूजा, नंदादीप, वाजंत्री यांच्या नेमणुका असत आणि त्या कोणाकडे होत्या हे इनामाच्या कागदांत सापडू शकते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने हक्कांची छाननी केली, तेव्हा इनामदारांना कैफियतीसोबत वंशावळ द्यावी लागे. पेशवे दफ्तर आणि इनामांची ही कागदपत्रे आज पुणे पुराभिलेखागारात आहेत.

सरकारी दप्तराला समांतर अशी दुसरी परंपरा तीर्थक्षेत्रांची आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या नामावळी ठेवतात. यात्रेला किंवा श्राद्धकर्माला आलेला माणूस आपले नाव, उपनाम, गाव, बाप, आजा, भाऊ, मुले यांची नोंद त्यांत करतो आणि पूर्वी घरातले कोणी येऊन गेले असेल तर उपाध्याय ते पान काढून दाखवतात. अशी लांबट चोपडी उघडली की कर्जतच्या एखाद्या घराण्यातील माणसे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या शाईत, खाली-खाली लिहिलेली दिसतात. आणि त्यांपैकी जुन्यातील जुना लेख वेगळे गाव सांगत असेल, तर घराणे तिथून हलल्याचा तो उत्तम पुरावा ठरतो, कारण तो खटल्यासाठी किंवा साऱ्यासाठी दिलेला नसतो. यात्रेचा खर्च झेपणाऱ्यांचीच नावे तिथे येतात, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

कुलदैवतही स्थलांतराची दिशा दाखवते. या भागातील कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांच्यातील अनेक घराणी बोरघाट चढून कार्ल्याच्या एकवीरेला जातात, तर घाटावरून उतरून आलेली कित्येक घराणी जेजुरीच्या खंडोबाला आपला मानतात. लग्नात पुजले जाणारे देवक, म्हणजे कुळाचे प्रतीक मानलेला वृक्ष किंवा वस्तू, हेही समान कुळ ओळखण्याचे साधन आहे. ही साधने दिशा देतात, तारीख देत नाहीत. कुलदैवत जेजुरीचे म्हणून पूर्वज जेजुरीचे, असे मानणे हा शोधातील नेहमीचा दोष आहे.

आडनावांबाबतही असाच विवेक लागतो. गावाच्या नावाला 'कर' लावून झालेले आडनाव त्या गावात राहणाऱ्याला सहसा उपयोगाचे नसते. गाव सोडून मुंबईला, पुण्याला किंवा दुसऱ्या खेड्यात गेल्यावर ते चिकटते. म्हणून असे आडनाव पूर्वजांच्या अनेक मुक्कामांपैकी फक्त शेवटून दुसरा मुक्काम खात्रीने सांगते. रायगडच्या किनारी भागातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने ही पद्धत इतकी पाळली की किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशा आडनावांतून त्यांची जुनी गावे मांडता येतात, आणि हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला त्या समाजाचा इतिहास हा जिल्ह्यातील अशा प्रयत्नांमधील मोलाचा ग्रंथ आहे. चित्पावन आणि इतर ब्राह्मण घराण्यांनी विसाव्या शतकात कुलवृत्तान्त छापले, त्यांत शाखा, मूळ गाव, स्थलांतर हे सारे येते. ज्या समाजांकडे लेखणी आधी आली त्यांचे कुलवृत्तान्त झाले. बाकीच्यांना पूर्वज कमी नव्हते.

दोन घटनांनी या तालुक्यांची वस्ती विशेष ढवळून निघाली. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. कामाच्या ऐन भरात तिथे ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. देशावरून आणि कोकणातून आलेले हे लोक पायथ्याच्या छावण्यांत राहिले, पटकीने आणि अपघाताने शेकड्यांनी मेले, काही परत गेले, काही घाटाच्या पायथ्याशीच स्थिरावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्या मृत्यूनंतर काम पुरे करणारी त्याची पत्नी अॅलिस यांची नावे इतिहासात आहेत, बोगदे खणणाऱ्यांची नाहीत. खोपोली, पळसदरी परिसरातील ज्या कुटुंबांत 'आमचे लोक रेल्वेच्या कामाला आले' असे सांगितले जाते, त्यांना कागदाचा धागा त्या घटनेनंतरच्या पिढीपासूनच धरता येतो. पुढे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांनी, १९१५ मध्ये खोपोलीस आणि १९२२ मध्ये भिवपुरीस, अशीच नवी माणसे आणली. दुसरी घटना माथेरानची. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि त्यानंतर हे थंड हवेचे ठिकाण उभे राहिले. डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या ठाकूर, कातकरी, धनगर वस्त्या वगळता तिथे आज असलेले जवळजवळ प्रत्येक घराणे त्या वर्षानंतर बाहेरून आलेले आहे. १९१२ मध्ये माथेरानला जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे त्या गावाचे सुपुत्र, आणि ते हुतात्मा झाले तेव्हा गावाचे वय सुमारे नव्वद वर्षांचे होते. तिथल्या जमिनी सरकारी भाडेपट्ट्याने दिलेल्या असल्याने पट्ट्यांची दप्तरे हा तिथल्या शोधाचा पाया ठरतो.

आतापर्यंतची बहुतेक साधने जमीन, वतन, यात्रा किंवा सरकारी पट्टा यांपैकी काही तरी असलेल्यांना पावतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत ज्यांची वस्ती सर्वांत जुनी मानली जाते, त्या ठाकूर आणि कातकरी समाजांकडे यांपैकी बहुधा काहीच नव्हते, आणि विरोधाभास असा की कायदा पूर्वजांच्या राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा सर्वांत कठोरपणे मागतो तो त्यांच्याचकडे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख आहे, म्हणजे त्या दिवशी अर्जदार किंवा त्याचे पूर्वज जिथे राहत होते तिथल्या अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा आहेत. ठाकुरांच्या बाबतीत तर १९५६ च्या यादीने जमातीची मान्यताच ठरावीक तालुक्यांपुरती मर्यादित केली होती, आणि कुलाबा जिल्ह्यातून त्या यादीत कर्जत, खालापूर, पेण, पनवेल, सुधागड हे तालुके आणि माथेरान होते. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन काढून टाकले. तोवर यादीतल्या तालुक्यातला ठाकूर आदिवासी आणि बाहेर गेलेला त्याचाच भाऊबंद कागदावर आदिवासी नाही, अशी स्थिती होती. त्यानंतरही पडताळणीत आप्तभाव चाचणीवर, म्हणजे चालीरीती, बोली, देवदेवता यांवरून जमातीशी नाते तपासण्यावर भर राहिला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात स्पष्ट केले की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही आणि संविधानपूर्व काळातील कागदांचे पुरावामूल्य सर्वाधिक आहे. निर्णय न्याय्य आहे, पण त्याने जुन्या कागदाचे ओझे अधिकच वाढवले.

हा कागद मिळणे का अवघड, हे वाडीच्या रचनेतून समजते. महसुली गाव हे एकक असून त्याच्या हद्दीतील वाडी किंवा पाडा याला दप्तरात बहुधा स्वतंत्र अस्तित्व नसते. त्यामुळे वाडीतील जन्म, मृत्यू, शाळाप्रवेश हे सारे पायथ्याच्या गावाच्या नावाखाली शोधावे लागते. कातकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते, ती म्हणजे त्यांचे वर्षाचे दोन मुक्काम : दिवाळीनंतर कोळसाभट्टीवर किंवा पनवेल, पेण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि पावसाळ्यात वाडीत. मूल भट्टीवर जन्मले तर नोंद तिकडच्या गावी किंवा कोठेच नाही. झोपडी ज्या जागेवर उभी ती जागा दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून घराची नोंदही नाही. जंगलाकडून मात्र एक धागा मिळतो. कुलाबा जिल्ह्यात डोंगरउतारावर राब जाळून नाचणी-वरी पिकवण्यासाठी वनजमिनीचे तुकडे दिले जात, त्यांना दळी म्हणत. दळीधारकांची नावे वनखात्याच्या कागदांत असतात आणि आदिवासी पूर्वज सरकारी दप्तरात पहिल्यांदा भेटतो तो अनेकदा इथेच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या बाबतीत मोठे पाऊल टाकले. अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीचे ७५ वर्षांचे, म्हणजे तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते. पण २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब, जुनी घरे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि जुन्या नोंदीतील व्यक्तीपर्यंत नेणारी वंशावळ यांचाही समावेश केला. कुलवृत्तान्ताला जी प्रतिष्ठा समाजाने दिली, ती वाडीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी वंशावळीला इथे कायद्याने मिळाली.

पण हे पुरावे किती नाजूक असतात, हेही लवकरच दिसले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. चौक या गावाच्या बाजूने पायीच चढून जावे लागणाऱ्या त्या वाडीत प्रशासनाने २२८ रहिवासी मोजले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. कोणत्या घरात कोण होते हे वाचलेल्या आप्तांनी सांगितले म्हणून यादी पूर्ण करता आली. त्या रात्री घरे गेली, देव गेले, पूर्वजांच्या जागा दाखवणारी माणसे गेली आणि तेराव्या नियमात मोजलेले पुरावे एका ठिकाणाहून एकाच वेळी नाहीसे झाले.

१९५० मध्ये जाणत्या वयाची असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक वाडीच्या ग्रामसभेने आणि वनहक्क समितीने, आश्रमशाळांतील शिक्षकांचे साह्य घेऊन, त्यांच्याकडून घराण्यांची नावे, माहेर-सासरची गावे, भट्ट्यांचे मुक्काम, दफनभूमी आणि देवांच्या जागा लिहून घ्याव्यात, दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, एक प्रत कुटुंबाकडे, एक ग्रामपंचायतीकडे आणि एक तहसील कचेरीत ठेवावी. आणि हे काम पुढच्या पावसाळ्याआधी हाती घ्यावे.